निरीक्षकाची शिस्त, निरीक्षकाची मर्यादा

दोन-तीन वर्षांच्या मुलाला प्रश्नावली भरता येत नाही, मनात काय चालले आहे ते शब्दांत सांगता येत नाही आणि अनोळखी खोलीत आणून बसवले तर ते आईच्या पदराआड दडते. त्यामुळे बालमानसशास्त्राला आपली बरीचशी माहिती मुलाच्या उघड वागण्यातून, म्हणजेच निरीक्षणातून, मिळवावी लागते. निरीक्षण ही या शास्त्रातील फार जुनी पद्धती आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती सर्वांत सोपी वाटते, कारण पाहणे सर्वांनाच येते. पण पाहिलेल्या गोष्टीला पुराव्याची किंमत यायची असेल, तर काय पाहायचे, किती वेळ पाहायचे आणि पाहिलेले कोणत्या शब्दांत नोंदवायचे हे आधी ठरवावे लागते. आणि ज्याच्याकडे पाहायचे त्याच्या आयुष्यात शिरण्याचा अधिकार कोठून आला, याचेही उत्तर द्यावे लागते. पद्धतीचे नियम आणि नीतीचे नियम पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात, परंतु दोहोंचे मूळ एकच आहे: दोन्ही नियम निरीक्षकाच्या मनमानीला आवर घालतात.

या शिस्तीचे एक आरंभीचे आणि आजही उपयोगी उदाहरण मिल्ड्रेड पार्टेन यांच्या अभ्यासात सापडते. मिनेसोटा विद्यापीठाच्या बालकल्याण संस्थेतील शिशुशाळेत त्यांनी मुलांच्या मोकळ्या खेळाचे निरीक्षण केले आणि त्याचे निष्कर्ष १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. एका मुलाकडे एका वेळी केवळ एक मिनिट पाहायचे, त्या मिनिटातील वागणे ठरलेल्या प्रकारांपैकी एकात बसवायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे, अशी ती रीत होती. वर्तनाचा अखंड प्रवाह न टिपता ठरावीक अंतराने त्याचे छोटे तुकडे घेण्याच्या या पद्धतीला कालनमुना पद्धती म्हणतात. तिच्यामुळे जास्त गोंगाट करणाऱ्या किंवा अधिक लाघवी मुलावर निरीक्षकाची नजर खिळून राहत नाही आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाच्या वाट्यालाही तितकीच मिनिटे येतात.

पार्टेन यांनी सांगितलेले सहा प्रकार मराठी बालवाडीतही सहज ओळखता येतात. एखादे मूल कशातच रमत नाही, नुसते इकडेतिकडे पाहत राहते. एखादे आपल्यापुरते एकटेच खेळते. एखादे दुसऱ्यांचा खेळ लक्ष देऊन पाहते, मध्येच काही विचारते, पण खेळात उतरत नाही. समांतर खेळात दोन मुले शेजारी बसून तेच ठोकळे वापरतात, पण प्रत्येकाचा मनोरा वेगळा असतो. साहचर्याच्या खेळात बोलणे आणि देवाणघेवाण असते, मात्र कामाची वाटणी नसते. आणि सहकार्याच्या खेळात, उदाहरणार्थ भातुकलीत, कोणी आई होते, कोणी पाहुणा होतो आणि सगळ्यांना मिळून एक गोष्ट तडीस न्यायची असते. वय वाढते तसा एकट्याचा खेळ कमी होतो आणि एकत्र खेळ वाढतो, असे पार्टेन यांना दिसले. पुढील संशोधकांनी मात्र दाखवून दिले की एकट्याने खेळणे हे मागे पडल्याचे लक्षण असतेच असे नाही. चित्र काढण्यात किंवा कोडे सोडवण्यात गढून गेलेले मूलही एकटेच असते. प्रकाराला दिलेले नाव आणि मुलाविषयीचा निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला उमगले त्यालाच ही पद्धती वापरण्याचा हक्क पोहोचतो.

बालवाडीत हे काम प्रत्यक्ष चालते तेव्हा निरीक्षक भिंतीलगत, सतरंजीच्या कडेला, मुलांच्या डोळ्यांना आपले डोळे समपातळीत येतील अशा बेताने बसतो. मांडीवर पाटी आणि तिला लावलेला नोंदतक्ता, कानात वेळेचा इशारा देणारे यंत्र. दहा सेकंद पाहायचे, पाच सेकंदांत खूण करायची, पुन्हा दहा सेकंद पाहायचे. समजा, एका मुलीने शेजारच्या मुलाच्या मनोऱ्यावरचा लाल ठोकळा उचलला, त्याने तिचे मनगट धरले आणि तिने ठोकळा खाली ठेवला. नवखा निरीक्षक येथे ‘मुलीने ठोकळा हिसकावला, मुलगा चिडला’ असे लिहून मोकळा होतो. पण ‘हिसकावणे’ हा हेतूविषयीचा आणि ‘चिडणे’ हा भावनेविषयीचा तर्क आहे. डोळ्यांना दिसले ते उचलणे, मनगट धरणे आणि खाली ठेवणे एवढेच. म्हणून संशोधनापूर्वी तयार केलेल्या सूचनापुस्तिकेत प्रत्येक वर्तनाची कार्यात्मक व्याख्या, म्हणजे ते कोणत्या दृश्य खुणांवरून ओळखायचे याचा नियम, लिहिलेला असतो. वस्तू त्या क्षणी दुसऱ्याच्या हातात असेल आणि ओढल्यामुळे सुटली असेल तरच ‘वस्तू काढून घेणे’ अशी खूण करायची, आणि ती नुसती मनोऱ्यावर किंवा जमिनीवर असेल तर करायची नाही, अशा बारकाव्यांवर पुस्तिकेची पाने खर्ची पडतात. ही काटेकोर वृत्ती आकड्यांपुरती नसते. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे त्या मुलीला कधीच कळणार नाही आणि कळले तरी ते खोडून काढण्याची तिची ऐपत नाही. अशा वेळी न दिसलेला हेतू तिच्या नावावर न लिहिणे हा तिला दिलेला न्याय असतो.

क्वचित घडणाऱ्या वर्तनासाठी घटनानमुना पद्धती वापरतात: भांडण सुरू झाले की नोंद सुरू करायची आणि ते मिटेपर्यंत कोणी काय केले हे क्रमाने टिपायचे. दुसऱ्या टोकाला अखंड नोंदीची पद्धती आहे. रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका लहान गावात २६ एप्रिल १९४९ रोजी सात वर्षांच्या एका मुलाचा संपूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, आळीपाळीने काम करणाऱ्या निरीक्षकांकरवी टिपून घेतला आणि १९५१ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. एका साध्या दिवसाला चारशेहून अधिक पाने लागली. त्या ग्रंथात मुलाचे आणि गावाचेही नाव बदललेले आहे. इतक्या बारीक नोंदीतून माणूस ओळखू येण्याचा धोका किती मोठा असतो, हे ओळखूनच ती काळजी घ्यावी लागते.

एकाच निरीक्षकाच्या नजरेवर विसंबता येत नाही म्हणून निदान काही नोंदी दोघांनी स्वतंत्रपणे करायच्या आणि त्या ताडून पाहायच्या, असा दंडक आहे. येथे साधी टक्केवारी फसवी ठरते. शंभर कालखंडांपैकी प्रत्येक निरीक्षकाने दहांत ‘रडणे’ नोंदवले, त्यांपैकी पाचच कालखंड दोघांचे सारखे निघाले आणि ८५ कालखंडांत दोघांनीही ‘रडणे नाही’ असे लिहिले, तर एकमत ९० टक्के दिसते. पण रडणे मुळातच दुर्मीळ असल्यामुळे दोघांनी डोळे मिटून तेवढ्याच खुणा केल्या असत्या, तरी निव्वळ योगायोगाने ८२ टक्के एकमत झाले असते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कॅपा हा गुणांक योगायोगाचा हा वाटा वजा करतो, आणि मग तेच ९० टक्के एकमत ०.४४ इतके उरते. म्हणजे प्रत्यक्ष रडण्याच्या बाबतीत दोघांचे फारसे पटलेलेच नाही. अशा वेळी व्याख्या पुन्हा लिहायची आणि निरीक्षकांना पुन्हा शिकवायचे, एवढाच प्रामाणिक मार्ग राहतो. कोणता निष्कर्ष अपेक्षित आहे हे निरीक्षकाला न सांगणे, तसेच मुले त्याला सरावेपर्यंतचे पहिले काही दिवस हिशेबात न धरणे, ही पथ्येही याच हेतूने पाळली जातात.

मुलांना निरीक्षकाची सवय होते, हीच गोष्ट नीतीच्या दृष्टीने अवघड असते. सरावलेले मूल आपल्याकडे कोणी पाहत आहे हे विसरते, आणि मोठ्या माणसांचेही तसेच होते. मग माणसाला कळू न देता त्याच्याकडे पाहावे का, हा प्रश्न येतो. घराच्या आत संमतीवाचून पाहणे अयोग्य हे कोणालाही पटते, पण रस्ता, उद्यान, रेल्वेचा फलाट अशा सार्वजनिक जागांविषयी एकमत नाही. अनोळखी माणसांच्या नजरेस आपण पडणारच, अशी जेथे माणसाची स्वतःची अपेक्षा असते, तेथेच संमतीशिवाय निरीक्षण करता येते, ही ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने स्वीकारलेली कसोटी पुष्कळ उपयोगी पडते. अमेरिकी संघटनेच्या संहितेतही नैसर्गिक परिस्थितीतील निरीक्षणाला संमतीची सूट आहे, मात्र उघड झालेल्या माहितीमुळे त्या व्यक्तीची नोकरी, पत किंवा प्रतिष्ठा धोक्यात येणार नसेल आणि गोपनीयता राखली जाणार असेल तरच.

या अटी अनुभवातून आल्या आहेत. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शेजारी कोणी उभे असल्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी पुरुषांच्या स्वच्छतागृहात लपवलेल्या परिदर्शकातून लघवीला लागणारा वेळ मोजला गेला. जागा सार्वजनिक होती, पण आपल्याकडे कोणी भिंगातून पाहत असेल अशी अपेक्षा तेथे कोणाचीही नव्हती. त्याआधी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांनी सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांमधील लैंगिक संबंधांचे निरीक्षण केले, त्यांच्या गाड्यांचे क्रमांक टिपून पत्ते मिळवले आणि साधारण वर्षभराने वेष बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्ताने, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्या पुरुषांविषयीचे अनेक गैरसमज दूर केले, हे खरे आहे. पण तसे संबंध त्या वेळी तेथे गुन्हा होते, आणि ती यादी पोलिसांच्या हाती लागली असती तर कितीतरी घरे उद्ध्वस्त झाली असती. चांगल्या निष्कर्षामुळे ती जोखीम रास्त ठरत नाही, कारण ती पत्करली संशोधकाने आणि तिचे ओझे होते मात्र दुसऱ्यांच्या डोक्यावर.

लपूनछपून केलेल्या निरीक्षणाची आणखी एक उणीव डेव्हिड रोझनहॅन यांच्या प्रसिद्ध अभ्यासातून दिसते. आपल्याला आवाज ऐकू येतात अशी खोटी तक्रार सांगून आठ निरोगी माणसे बारा मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि आत गेल्यावर नेहमीसारखी वागूनही कर्मचाऱ्यांनी त्यांना निरोगी म्हणून ओळखले नाही, असे रोझनहॅन यांनी १९७३ मध्ये लिहिले. त्या लेखाने मनोरुग्णांना मिळणाऱ्या वागणुकीवर मोठी चर्चा घडवली. पुढे २०१९ मध्ये सुझॅना कॅहॅलन या पत्रकार-लेखिकेने मूळ कागदपत्रांचा शोध घेतला, तेव्हा त्या अभ्यासातील बहुतेक सहभागींचा मागच लागला नाही आणि लेखातील वर्णन व उपलब्ध नोंदी यांत गंभीर तफावती आढळल्या. ज्याची रुग्णालयाला कल्पना नाही, ज्याचा दुसरा साक्षीदार नाही, त्या निरीक्षणाची पडताळणीही होत नाही. ज्या आडोशाला पाहिल्या जाणाऱ्याचा हक्क बुडतो, त्याच आडोशाला शास्त्राचा पुरावाही बुडतो.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे मानवी सहभाग असलेल्या आरोग्यविषयक संशोधनाला आधार देतात. मुलांच्या बाबतीत पालकांची माहितीपूर्ण संमती तर लागतेच, म्हणजे कशासाठी, किती काळ, कोणत्या साधनाने पाहणार आणि नोंदी कोणाला दिसणार हे समजल्यावर दिलेली परवानगी. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार अपेक्षित असतो. बालवाडीतील मूल या वयाखालचे असते, म्हणून त्याचा नकार वागण्यातूनच ओळखावा लागतो. निरीक्षक जवळ येताच मूल पाठ फिरवत असेल, ताईंच्या मागे दडत असेल, तर नोंद थांबवणे हेच कर्तव्य ठरते. दृश्यफितीने डोळे न शिणवता पुनःपुन्हा पाहण्याची सोय केली, पण नोंदतक्त्यावर मुलाच्या जागी क्रमांक लिहिता येतो, तर फितीत त्याचा चेहराच असतो. म्हणून ती कोठे ठेवणार आणि केव्हा पुसणार हे आधीच लिहून द्यायला हवे. गोपनीयतेलाही एक मर्यादा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि ही गोष्टही संमतीपत्रात पालकांना स्पष्ट सांगितली पाहिजे.

मानसशास्त्राच्या वर्गांत कॅपाचे गणित जितक्या कसोशीने घोटून घेतले जाते, तितक्याच कसोशीने संमतीपत्र लिहायला शिकवले जायला हवे, कारण दोन्ही कामे करणारा विद्यार्थी एकच असतो. आणि पालकांनी बालवाडीतून घरी आलेल्या अशा कागदावर घाईने सही करू नये. काय पाहणार, नोंदी कोण वाचणार, फीत कधी पुसणार आणि मध्येच माघार घेता येईल का, हे चार प्रश्न त्यांनी जरूर विचारावेत. ज्या संशोधकाने आपले काम शिस्तीने आखले आहे, त्याच्याकडे त्यांची उत्तरे तयार असतात. ज्याच्याकडे ती नाहीत, त्याच्या नोंदींवरही विश्वास ठेवण्याचे कारण नाही.