रानडुकरांपासून पिकांचे संरक्षण : बंदूक व काडतुसांची योग्य निवड

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील शेती ही सह्याद्रीच्या पायथ्याची शेती आहे. सावित्री, काळ व गांधारी या नद्यांच्या काठी भाताची खाचरे आहेत, तर वरंध, पाचाड, कापडे, उमरठ या बाजूस वरकस उतारावर नाचणी व वरी घेतली जाते. शेत संपते तेथेच रान सुरू होते. यामुळे पीक निसवू लागले की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. हळवे भात भाद्रपदात दुधावर येते व गरवे भात दिवाळीच्या सुमारास कापणीस येते. या सुमारे दोन महिन्यांत राखण चुकली, तर वर्षाच्या कष्टाचे पीक एका रात्रीत आडवे होते. डुक्कर जेवढे खाते त्याहून अधिक तुडविते. शिवाय कंद व गांडुळांसाठी ते बांध उकरते, त्यामुळे खाचरातील पाणी निघून जाते व उरलेले पीकही धोक्यात येते.

अशा वेळी अनेक शेतकरी बंधू बंदुकीचा विचार करतात. परंतु कोणती बंदूक, तीत कोणते काडतूस आणि ते किती अंतरावरून वापरावे याविषयी गैरसमज फार आहेत. चुकीच्या काडतुसाने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन रानात शिरते. पुढे ते माणसावर उलटते किंवा कुठेतरी कुजत पडते. याहून वाईट म्हणजे भलत्या ठिकाणी गेलेली गोळी शेजारच्या शेतात राखण करणाऱ्या माणसास लागते. सबब हा विषय नीट समजून घेणे अवश्य आहे.

प्रथम कायदा

रानडुक्कर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत आहे. या अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे, एखादा प्राणी उभ्या पिकास धोकादायक झाला असल्याची खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ही परवानगी हाती असल्यावाचून डुकरावर बार टाकणे हा गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना असणे म्हणजे शिकारीची परवानगी असणे नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या असून दोन्ही आवश्यक आहेत. परवानगी ज्या प्राण्याची असेल त्याच प्राण्यापुरती ती असते. सांबर, भेकर, गवा, कोल्हा, बिबट्या यांस ती लागू होत नाही. मारलेले डुक्कर शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटून घेणे किंवा विकणे बेकायदेशीर आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी होणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. म्हणून पीक संरक्षणाचा विचार करताना ठासणीची बंदूक व १२ बोअरची काडतुसी बंदूक एवढ्या दोनच प्रकारांचा विचार करावयाचा आहे.

रायफल का नको?

अमेरिकेतील विस्तीर्ण कुरणांवर कायोट नावाच्या कोल्ह्यासारख्या प्राण्यास मारण्यासाठी लहान व्यासाच्या, अतिवेगवान रायफली वापरतात. त्यांच्या गोळीचे कवच पातळ असते. ती लागताच आत फुटते व पलीकडे जात नाही. तेथे प्राणी लहान, अंतर दोन-तीनशे मीटर व मागे मोकळे माळ असतात. आपल्याकडील स्थिती याच्या अगदी उलट आहे. रानडुक्कर जाड कातडीचे व भारी हाडाचे जनावर आहे. अशी पातळ कवचाची गोळी त्याच्या खांद्यावरच फुटून वरवरची जखम करील. उलटपक्षी, मोठ्या जनावरासाठी असलेली जाड कवचाची गोळी चुकल्यास काही किलोमीटर जाऊ शकते. येथे तर दर खोऱ्यात वाडी आहे, दर माळ्यावर राखणदार आहे आणि कातळावर आपटून गोळी कोठे वळेल याचा नेम नाही. म्हणून या भागास जवळच्या अंतरावर काम करणारी गुळगुळीत नळीची बंदूकच योग्य होय.

काडतुसांचे प्रकार

१२ बोअर याचा अर्थ असा की, नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोल गोळा घेतल्यास एका पौंडात असे १२ गोळे होतात. नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. काडतुसात छर्रे किंवा एकच मोठी गोळी भरलेली असते. छर्ऱ्यांचा आकार क्रमांकाने किंवा इंग्रजी अक्षरांनी दर्शवितात.

४ नंबरचा छर्रा ३.१ मिलिमीटरचा असून त्याचे वजन सुमारे ०.१७ ग्रॅम असते. तो पक्ष्यांसाठी बनविलेला आहे.

बी.बी. छर्रा ४.१ मिलिमीटरचा व सुमारे ०.४ ग्रॅमचा असतो.

ए.ए.ए. छर्रा ५.२ मिलिमीटरचा व सुमारे ०.८ ग्रॅमचा असतो.

एस.जी. छर्रा ८.४ मिलिमीटरचा व सुमारे ३.५ ग्रॅमचा असतो. सुमारे ३२ ग्रॅम शिसे भरलेल्या काडतुसात असे ९ छर्रे मावतात.

एल.जी. छर्रा ९.१ मिलिमीटरचा असतो. तो एस.जी.पेक्षा जड, परंतु संख्येने कमी असतो.

एकगोळीच्या काडतुसात सुमारे २८ ग्रॅमची एकच गोळी असते. ती एस.जी.च्या एका छर्ऱ्याच्या आठपट भरते.

लहान छर्रे संख्येने अधिक असल्याने ‘एखादा तरी लागेल’ अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. हलका छर्रा हवेत लवकर वेग गमावितो व डुकराच्या खांद्यावरील जाड कातडीतच अडकतो. नर डुकराच्या खांद्यावर तर कातडीखाली कठीण चिवट थर असतो. म्हणून ४ नंबर, बी.बी. व ए.ए.ए. ही काडतुसे डुकरावर कधीही वापरू नयेत. त्यांनी जनावर केवळ जखमी होते.

एस.जी. किती अंतरापर्यंत?

छर्रे नळीतून बाहेर पडताच पसरू लागतात. नळीचे तोंड किंचित अरुंद केलेले असते, त्यास चोक म्हणतात. चोकमुळे पसार कमी होतो. सर्वसाधारण छर्ऱ्यांचा पसार बिनचोक नळीतून १८ मीटरवर सुमारे ८० सेंटिमीटर व २७ मीटरवर सुमारे ११० सेंटिमीटर व्यासाचा होतो. पूर्ण चोकच्या नळीतून तो अनुक्रमे ४० व ७० सेंटिमीटर होतो.

आता हिशेब करून पाहावा. डुकराच्या छातीतील मर्माचा भाग सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर ८० सेंटिमीटरच्या वर्तुळाचा तो १६ वा हिस्सा होतो. ९ छर्रे त्यात सारखे पसरले असे मानल्यास मर्मावर सरासरी अर्धा छर्रा येतो, म्हणजे नेम बरोबर असूनही दोन बारांतून एकदा एक छर्रा. ४० सेंटिमीटरच्या वर्तुळाचा तोच भाग चौथा हिस्सा होतो व दोन छर्रे मर्मावर लागतात. पूर्ण चोक असूनही २७ मीटरवर एकही छर्रा लागण्याची खात्री राहत नाही. यावरून हे स्पष्ट होते की, एस.जी. हे चोकच्या नळीतून १८ मीटर, म्हणजे सुमारे २४ पावलांच्या आतच वापरण्याचे काडतूस आहे. मोठ्या छर्ऱ्यांचा पसार नळीनळीत बदलतो. म्हणून मान्यताप्राप्त नेमबाजीच्या मैदानावर एक मीटर चौरस कागद लावून आपल्या बंदुकीचा पसार एकदा मोजून पाहावा.

एकगोळी केव्हा वापरावी?

उत्तम नेम असलेल्या माणसास ३५ ते ४० मीटरपर्यंत एकगोळी अधिक भरवशाची ठरते. ती खोल जाते व जनावर जागीच पडण्याची शक्यता वाढते. परंतु तिच्या बाबतीत दोन सावधगिऱ्या आहेत. पहिली चोकची. नळीत घट्ट बसणारी साधी गोल गोळी चोकच्या अरुंद तोंडातून जाताना नळी फुगू अथवा फुटू शकते. म्हणून कारखान्यात तयार झालेली व आपल्या नळीच्या चोकमधून सुरक्षितपणे जाणारी गोळीच वापरावी. घरी ओतलेली गोळी काडतुसात भरू नये. दुसरी सावधगिरी अंतराची. चुकलेली एकगोळी सुमारे १४०० मीटर व एस.जी.चा छर्रासुद्धा ६०० मीटरपलीकडे जाऊ शकतो. म्हणून बार नेहमी माळ्यावरून, खालच्या दिशेने टाकावा. तीन-चार मीटर उंच माळ्यावरून खाचराच्या चिखलात गेलेली गोळी तेथेच रुतते. मागे कातळ, पायवाट, वाडी किंवा दुसऱ्याचा माळा असेल तर बार टाकू नये. पिकाच्या सळसळीवर, आवाजाच्या रोखाने बार टाकणे हे तर सर्वथा वर्ज्य होय. जनावर पूर्ण दिसले व ओळखले गेले तरच चापावर बोट ठेवावे.

नळी व काडतूस यांचा मेळ

जुन्या बंदुकींचे घर ६५ मिलिमीटरचे असते व आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची आहेत. लांब काडतूस जुन्या घरात सहज बसते, कारण उडविण्यापूर्वी त्याचे तोंड दुमडलेले असते. उडताना ते उघडण्यास जागा मिळत नाही व दाब धोकादायक वाढतो. नळीवर कोरलेले माप वाचूनच काडतूस घ्यावे. तसेच २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या काडतुसांत कधीही मिसळू देऊ नये. ते नळीत पुढे सरकून अडकते. नळी रिकामी समजून मागे १२ बोअरचे काडतूस भरून उडविल्यास नळी फुटते व हात जातो.

ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू वापरावी. काडतुसातील बिनधुराची दारू काढून तीत भरल्यास बंदूक फुटते. खिळे, सायकलचे छर्रे, खडे यांचा भरणा करू नये.

पावसाळ्यातील जपणूक

या भागात वर्षाला ३००० मिलिमीटर व त्याहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत कागदी काडतूस फुगते व घरात अडकते. पितळेस हिरवट गंज चढतो. शक्यतो प्लास्टिकच्या नळकांडीची काडतुसे घ्यावीत व ती घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात कुलूपबंद ठेवावीत. ओलसर काडतुसे सुकविण्यासाठी चुलीवरील फळीवर ठेवण्याचा प्रकार अत्यंत घातक आहे. फुगलेली, गंजलेली काडतुसे न वापरता परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करण्याबाबत चौकशी करावी. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होणारी १२ बोअरची काडतुसे परवानाधारक दुकानांत मिळतात. खरेदीची नोंद परवान्यावर करून घ्यावी.

चाप ओढूनही बार न उडाल्यास बंदूक तशीच सुरक्षित दिशेस धरून किमान अर्धा मिनिट थांबावे व मगच उघडावी. बार दबका वाजल्यास नळीत काही अडकले नाही ना, हे बंदूक रिकामी करून पाहिल्यावाचून दुसरे काडतूस भरू नये.

जखमी जनावर

आडवे उभे असलेल्या डुकराच्या पुढील पायामागे, छातीच्या खालच्या भागी नेम धरावा. पिले बरोबर असलेल्या मादीवर बार टाकू नये. जखमी डुक्कर कारवीत किंवा करवंदीच्या जाळीत शिरल्यास रात्री त्याच्या मागे जाऊ नये. त्याच्या सुळ्यांनी प्राणघातक जखमा होतात. जागेवर खूण करून वनरक्षकास ताबडतोब कळवावे व उजाडल्यावर त्यांच्यासह शोध घ्यावा.

बंदूक हा शेवटचा उपाय

एक डुक्कर मारल्याने कळप थांबत नाही. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून पाळीपाळीने केलेली राखण, एकाच वेळी कापणीस येणाऱ्या जातींची सलग लागवड, शेताकडेच्या झुडपांची सफाई व प्रमाणित सौर कुंपण हे उपाय अधिक टिकाऊ आहेत. कुंपणात घरगुती वीज सोडणे किंवा स्फोटक गोळे पेरणे हे मात्र गुन्हे आहेत. त्यांत गुरे व माणसेही मरतात. नुकसान झाल्यास शेत न हलविता वनखात्याकडे विनाविलंब अर्ज द्यावा व पंचनामा करून घ्यावा, म्हणजे नियमाप्रमाणे भरपाई मागता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भात निसवण्यापूर्वीच गावात बैठक घेऊन कोणाकडे परवाना आहे, कोणाचा माळा कोठे आहे व कोणत्या दिशेस बार टाकावयाचा नाही, याचा नकाशा सर्वांसमक्ष ठरवावा. पीक गेले तर पुढील हंगामी पुन्हा येते. चुकीच्या बाराने गेलेला माणूस परत येत नाही, हे प्रत्येक राखणदाराने ध्यानी ठेवावे.