न दुखणाऱ्या पायाची राखण

मधुमेहाने पाय बधिर झाला की जखम दुखत नाही, आणि न दुखणारी जखम माणूस तुडवत राहतो. देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दच्या काळ्या मातीत सोयाबीन काढणाऱ्याला किंवा देवासच्या मराठी घरात अनवाणी वावरणाऱ्या आजींना औषधाइतकीच गरज असते ती जखमेवरचा भार हटवण्याची. हे ज्ञान आपल्या मातीतले आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी प्लास्टर आणि मऊ तळाच्या चपला वापरल्या. तीच वाट पुढे मधुमेही पायांकडे वळली.

मग अशा पादत्राणांत आता सेन्सर कशाला? कारण भार हटवण्यासाठी दिलेला, काढता येणारा बूट लोक काढून ठेवतात. अमेरिकेतल्या 2003 च्या एका अभ्यासात रुग्णांची जेमतेम 28 टक्के पावले बूट घालून पडली होती. हे डॉक्टरांना दिसत नाही, सेन्सरला दिसते. दाब वाढताच मनगटावरच्या घड्याळातून सावध करणाऱ्या सुखतळ्याने मँचेस्टरच्या 2019 च्या चाचणीत जखमा पुन्हा होण्याचे प्रमाण 71 टक्क्यांनी घटवले. रुग्ण मात्र 58च होते, आणि चाचणी जखम टाळण्याची होती, भरण्याची नव्हे. भरण्यासाठी रुग्णाला काढता न येणारे प्लास्टरच आजही सहसा सरस. सेन्सर त्याची जागा घेईल असे मला वाटत नाही. किंमत आणि चार्जिंगचे आक्षेपही रास्त आहेत. म्हणूनच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत घडलेली चप्पल मला अधिक आश्वासक वाटते: दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तळातल्या कमानी खटकन दबतात, भार शेजारी सरकतो, आणि याला वीज लागत नाही.