लायसन्स आहे, पण गाडी खरंच येते का?



धंदा सुरू करताना आपण कशाकशावर खर्च करतो? गाळ्याचं डिपॉझिट, गुमास्ता लायसन्स, बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड, इन्स्टाग्रामची जाहिरात. डिलिव्हरीसाठी स्कूटर किंवा छोटा टेम्पोही घेतो. आणि ती गाडी चालवणाऱ्याच्या ट्रेनिंगवर? शून्य. "लायसन्स आहे की, अजून काय पाहिजे?"

आज याच प्रश्नाचं उत्तर बघू.

समजा, तुम्ही डिलाईल रोडला घरून टिफिनचा धंदा करता. लोअर परळच्या ऑफिसांत रोजचे २५ डबे. स्वयंपाक तुमचा आणि स्कूटरवरून पोचवताही तुम्हीच. एके दिवशी सेनापती बापट मार्गावर पुढची टॅक्सी अचानक थांबते. तुम्ही घाबरून ब्रेक दाबता, स्कूटर घसरते, मनगट मोडतं. सहा आठवडे प्लास्टर.

आता हिशोब करा. ऑफिसवाले चार दिवस वाट बघतील, पाचव्या दिवशी दुसरीकडे डबा लावतील. विमा असला तर स्कूटरच्या दुरुस्तीचे पैसे मिळतील. गेलेलं गिऱ्हाईक विमा कंपनी परत आणून देत नाही. मोठ्या कंपनीत एक ड्रायव्हर आजारी पडला तर दुसरा येतो. तुमच्याकडे मालक, आचारी आणि ड्रायव्हर एकच माणूस आहे.

लायसन्स म्हणजे परवानगी, कौशल्य नव्हे

आरटीओच्या टेस्टमध्ये काही मिनिटांत एवढंच बघता येतं, की तुम्हाला गाडी चालवता येते आणि नियम माहीत आहेत. पावसात, मागे सामान लादलेलं असताना, साडेबाराची डिलिव्हरी गाठायच्या घाईत तुम्ही कसं चालवाल, हे तिथे कळत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे कारच्या लायसन्सवर तुम्ही छोटा टेम्पो चालवू शकता. धंदेवाल्यांसाठी ही चांगलीच बातमी! पण कोर्टाने परवानगी दिली, सवय नाही दिली. रिकामी कार आणि भरलेला टेम्पो यांचं थांबणं आणि वळणं वेगळं असतं.

गाडी बदलली की शिकणंही पुन्हा सुरू होतं. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला. त्यानंतर सगळीकडे एकच प्रश्न चर्चेत होता: अशा बसचं प्रशिक्षण चालकांना पुरेसं मिळतं का? बस चालवणाऱ्याबद्दल आपण हे विचारतो. स्वतःबद्दल कधी विचारलंय?

जरा गणित बघा

ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसल्यापासून पाय किंवा बोटं ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही जवळजवळ बेस्टच्या मोठ्या बसच्या लांबीएवढं अंतर पुढे गेलेले असता. मोबाइलवर दोन सेकंद ऑर्डर बघितली, तर २२ मीटर आंधळेपणाने.

आणि वेग ४० वरून ६० केला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतं. ओल्या रस्त्यावर आणखी वाढतं. ब्रेक कितीही चांगला असला तरी हे गणित बदलत नाही.

२०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सगळ्यात जास्त दुचाकीवरची होती.

पुढच्या पायरीच्या ट्रेनिंगमध्ये काय शिकायचं?

१. लांबवर बघणं. फक्त पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट नाही. उभ्या टॅक्सीचा दरवाजा उघडेल का, थांबलेल्या बसच्या पुढून कोणी धावत येईल का, हे आधी ओळखणं.

२. अंतर राखणं. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंद, पावसात त्याच्या दुप्पट. "मुंबईत अंतर ठेवलं की कोणीतरी मध्ये घुसतं!" घुसू द्या. तुम्ही पुन्हा थोडं मागे राहा. डबा एक मिनिट उशिरा पोचेल, पण पोचेल.

३. जोरात ब्रेक मारणं. दुचाकीची थांबण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, आणि तोच वापरायला बरेच जण घाबरतात. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक दाब वाढवत कसे लावायचे, हे मोकळ्या जागेत शिकावं लागतं. कारला एबीएस असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. पायाखाली थरथर जाणवली म्हणून सोडायचा नाही.

४. ओझं आणि पाऊस. जड सामान खाली आणि घट्ट बांधलेलं हवं. पाण्यातून गाडी काढल्यावर हलकेच ब्रेक लावून ते सुकवायचे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा जास्त जपायचं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा

प्रत्येक "ॲडव्हान्स" कोर्स चांगलाच, असं नाही. नॉर्वेमध्ये नवख्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळायचं सक्तीचं ट्रेनिंग दिलं, तर तरुण मुलांचे तशा रस्त्यावरचे अपघात उलट वाढले. कारण? "मला जमतं" हा फाजील आत्मविश्वास. ब्रिटनमध्ये २००२ पासून लायसन्सच्या थिअरी परीक्षेत व्हिडिओ दाखवून धोका वेळेत ओळखायची चाचणी घेतात. आपल्याला हेच हवंय: घसरलेली गाडी सावरण्याआधी, ती घसरण्याची वेळच येऊ न देणं.

म्हणून फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझ्याच प्रकारच्या गाडीवर शिकवणार का? ब्रेकचा सराव बंद मैदानात घेणार का? नंतर खऱ्या रस्त्यावर शेजारी बसून किंवा मागून येऊन माझ्या चुका सांगणार का? पुण्यात भोसरीला केंद्रीय सडक परिवहन संस्था आहे. १९६७ पासून ती रस्ते वाहतुकीच्या क्षेत्रात प्रशिक्षण आणि संशोधनाचं काम करते. तिथले कोर्स तुमच्या कामाचे आहेत का, याची चौकशी करा.

या आठवड्याचा गृहपाठ

रोजच्या मार्गावर एक फेरी अशी मारा, की दिसणारा प्रत्येक धोका मोठ्याने बोलायचा: "डावीकडे हातगाडी, पुढे शाळेची मुलं, रिव्हर्स घेणारा टेम्पो." घरी येऊन लिहून काढा, आपल्याला काय उशिरा दिसलं. आणि तुमच्या बजेटच्या वहीत, "गाडी" या ओळीखाली एक नवी ओळ लिहा: "गाडी चालवणारा." तिच्यापुढे आकडा टाका. छोटा असला तरी चालेल, शून्य नको.