इंग्रजी याद्यांतील संदिग्धता

इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम दोन भिन्न कामे करतो. यादीतील घटक एकमेकांपासून वेगळे करणे हे एक, आणि एखाद्या नामाचा अधिक परिचय देणारे समानाधिकरण पद त्या नामाला जोडणे हे दुसरे. वाचकाला यांपैकी कोणते काम अभिप्रेत आहे हे कळेनासे झाले, की एकाच वाक्याचे दोन अर्थ निघतात. यादीतील 'अँड' किंवा 'ऑर' यांच्या आधी येणाऱ्या स्वल्पविरामाला 'ऑक्सफर्ड स्वल्पविराम' म्हणतात. तो दिला म्हणजे संदिग्धता संपते असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे.

एकवचनी व अनेकवचनी नाम

'आय मेट माय पेरेंट्स, अ डॉक्टर अँड अ लॉयर' या वाक्यात भेटलेली माणसे चार, की डॉक्टर व वकील असलेले आईवडील असे दोघेच, हे ठरत नाही. 'अँड'पूर्वी स्वल्पविराम दिल्यास चार हा अर्थ निश्चित होतो. कारण 'अ डॉक्टर' हे एकवचनी पद 'पेरेंट्स' या अनेकवचनी नामाचे समानाधिकरण होऊ शकत नाही.

'पेरेंट्स'च्या जागी 'अंकल' (येथे मामा मानू) हे एकवचनी नाम आले की हा आधार सुटतो. 'माय अंकल, अ डॉक्टर अँड अ लॉयर' यात तीन व्यक्ती असतील, किंवा दोन्ही व्यवसायांचे शिक्षण घेतलेला एकटा मामा असेल. स्वल्पविराम वाढवून 'माय अंकल, अ डॉक्टर, अँड अ लॉयर' असे लिहिले, तर तीन व्यक्ती किंवा 'डॉक्टर असलेला मामा आणि एक वकील' अशा दोन व्यक्ती होतात. म्हणजे चिन्हाने संदिग्धता नाहीशी केली नाही, केवळ तिचे रूप बदलले. येथे शब्दक्रम बदलून मामाला यादीच्या शेवटी नेणे, किंवा 'हू इज अ डॉक्टर' असे स्पष्ट उपवाक्य योजणे हाच खात्रीचा उपाय होय. ऑक्सफर्ड व शिकागो येथील लेखनसंहिता हा स्वल्पविराम देण्याची शिफारस करतात, तर बहुतेक ब्रिटिश वृत्तपत्रे तो टाळतात. एकवचनी नामाचा प्रश्न मात्र दोघांपुढेही उरतोच.

ओकहर्स्ट डेअरी खटला

अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, नाशवंत अन्नपदार्थांसंबंधीच्या काही कामांना जादा वेळेच्या वाढीव वेतनातून वगळले होते. त्या यादीचा शेवट 'स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असा होता. 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम नव्हता. पोर्टलंड येथील ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांचे म्हणणे असे, की वगळलेले काम 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी' हे आहे. आम्ही बांधणी करीत नाही, केवळ वितरण करतो. यादीतील इतर कामे 'इंग'प्रत्ययान्त असून 'शिपमेंट' व 'डिस्ट्रिब्यूशन' ही दोनच साधी नामे आहेत, म्हणून ती एकमेकांच्या जोडीची आहेत, असाही त्यांचा युक्तिवाद होता. डेअरीने उलट विचारले, की तसे असेल तर 'पॅकिंग'पूर्वी 'ऑर' का नाही? शिवाय राज्याची मसुदालेखन-पुस्तिकाच असा स्वल्पविराम देऊ नये असे सांगत होती. दोन्ही बाजू व्याकरणदृष्ट्या भक्कम होत्या, हे मान्य करावे लागते.

कनिष्ठ न्यायालयाने डेअरीच्या बाजूने निकाल दिला. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. वाक्य संदिग्ध आहे, आणि अशा वेळी वेतनविषयक कायद्याचा अर्थ कामगारांच्या हिताचा लावावा, असे त्याने ठरवले. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मेनच्या विधिमंडळाने अपील न्यायालयाच्या निकालानंतर या यादीत स्वल्पविरामांऐवजी अर्धविराम घातले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' केले.

मराठीतील स्थिती

मराठीत विभक्तिप्रत्यय पुष्कळदा हा घोळ टाळतात. 'मामांना, एका डॉक्टरांना आणि एका वकिलांना भेटलो' यात प्रत्येक पदाला स्वतंत्र प्रत्यय असल्याने तीन व्यक्तींचा बोध होतो. प्रथमा विभक्तीत मात्र 'माझे मामा, एक डॉक्टर आणि एक वकील आले' असे म्हटल्यास आदरार्थी अनेकवचनामुळे 'आले' या क्रियापदावरूनही संख्या कळत नाही.