दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला : कोर्टाचा कागद कसा पाहावा

उसाचा हंगाम होता. आष्ट्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रीघ लागली होती. अशा एका संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई घरी आली. चहा घेतला, पण मन थाऱ्यावर नव्हते.

"गुरुजी, पोरीला स्थळ आलंय. मुलगा ड्रायव्हर आहे. घर चांगलं आहे. पण लोक म्हणतात, दारू पिऊन गाडी चालवली, एक माणूस मारला, तुरुंगात जाऊन आला. खरं काय ते कुणाला विचारू?"

मी म्हटले, "वहिनी, लोकांना विचारू नका. कागदाला विचारा."

हा कागद कुठे असतो आणि कसा पाहायचा, ते आज समजून घेऊ. ड्रायव्हर कामावर ठेवणाऱ्यालाही याचा उपयोग आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा 1988 सालचा आहे. त्याचे कलम 185 दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली, की गुन्हा झाला. पोलीस नळीत फुंकर मारायला लावतात, ती याच तपासणीसाठी. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे 2019 सालच्या दुरुस्तीने आले. त्याआधी पहिला दंड दोन हजारांपर्यंत होता.

दुसऱ्या वेळी शिक्षा जास्त का? कारण पहिल्या वेळचा कागद दप्तरात असतो. माणूस विसरतो, दप्तर विसरत नाही. लंडनमध्ये 1897 साली जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीवाल्याला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पंचवीस शिलिंग दंड झाला. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षे झाली, तरी ती नोंद आजही सांगितली जाते.

कागद कुठे असतो?

पहिली जागा पोलीस ठाणे. तिथे केस तयार होते. दुसरी जागा न्यायालय. तिथे निकाल लागतो. न्यायालय लायसन काही काळ बंदही करू शकते. म्हणून तिसरी जागा आर.टी.ओ. लायसनचा नंबर आणि जन्मतारीख असेल, तर लायसन चालू आहे की नाही, हे सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर दिसते.

आपले आष्टा वाळवा तालुक्यात येते. तालुक्याचे ठिकाण इस्लामपूर. त्याचे नाव ईश्वरपूर करण्याचे राज्य सरकारने 2025 साली ठरवले, पण जुन्या कागदांवर जुनेच नाव मिळेल. जिल्हा न्यायालय सांगलीला. गाडी ज्या हद्दीत पकडली, तिथल्या ठाण्याचा खटला कोणत्या न्यायालयात गेला, हे आधी विचारून घ्यावे. माणूस आष्ट्याचा असला, तरी गाडी कोल्हापुरात पकडली असेल तर इथे काहीच सापडणार नाही.

घरबसल्या कसे पाहावे?

न्यायालयांचे 'ई-कोर्ट्स' नावाचे संकेतस्थळ आहे. मोबाइलवरही चालते. पैसे पडत नाहीत. राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडावे. मग नाव आणि साल घालावे. खटला चालू आहे की निकाली, तेही निवडावे लागते. दोन्ही पाहावे. नाव इंग्रजी अक्षरांत घालायचे असेल, तर दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा एक नंबर असतो. त्याला सी.एन.आर. म्हणतात. तो मिळाला, की शोधाशोध संपली.

इंग्रजी वाचता येत नसेल, तर शाळेत जाणारे पोर बरोबर घ्यावे. त्यात लाज कसली?

वाचताना तीन गोष्टी सांभाळा

एक. नावाचा घोळ. आपल्याकडे एकाच नावाचे आणि आडनावाचे चार पाटील एका गल्लीत निघतात. बापाचे नाव, गाव आणि वय जुळल्याशिवाय बोट दाखवू नये. नुसत्या नावावरून एखाद्याची भाकरी जाते.

दोन. कलम पाहावे. नुसते 185 असेल, तर दारू पिऊन गाडी चालवली एवढाच आरोप. अपघातात माणूस मेला असेल, तर जुन्या कागदावर भारतीय दंड संहितेचे 304-अ असते. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम 106 असते.

तीन. निकाल पाहावा. खटला चालू आहे म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. सुटलेला माणूस सुटलेलाच मानावा.

पक्का कागद हवा असेल तर

मोबाइलवर दिसते ती माहिती झाली. पुरावा म्हणून न्यायालयाच्या शिक्क्याची नक्कल लागते. त्यासाठी नक्कल विभागात अर्ज करावा. अर्जात खटल्याचा नंबर, साल आणि पक्षकारांची नावे लिहावीत, कोर्ट फी स्टॅम्प लावावा. ज्याचा खटला, त्याला नक्कल सहज मिळते. परक्या माणसाला ती कशासाठी हवी, हे कारण लिहून परवानगी मागावी लागते. निकाली खटल्यांचे सगळेच कागद कायम ठेवत नाहीत. मुदतीनंतर काही नष्ट करतात. म्हणून उशीर करू नये.

सर्वांत सरळ वाट मात्र वेगळी आहे. ज्याचा कागद, त्यालाच मागावा.

वहिनींनी तसेच केले. मुलाच्या घरी निरोप धाडला, "खटल्याची नक्कल दाखवा, मग पुढचं बोलू." बापाला राग आला. पण मुलगा स्वतः कोर्टात गेला आणि नक्कल घेऊन आला. माझ्याच ओसरीवर आम्ही ती वाचली. कलम एकच, 185. अपघात नाही, मेलेले माणूस नाही, तुरुंग नाही. गुन्हा कबूल केला होता, दंड भरला होता. लोकांनी राईचा पर्वत केला होता. पण राई होती, हेही खरेच.

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी प्यालो होतो. खोटं सांगत नाही."

मुलगी दाराशी उभी राहून सगळे ऐकत होती. नक्कल तिने मागून घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचली. मग म्हणाली, "गुरुजी, मला चार दिवस विचार करू द्या."

पुढे काय ठरले, तो तिच्या घरचा प्रश्न. मला समाधान एवढेच, की तिने चावडीवरच्या गप्पांवरून ठरवले नाही. ज्याला वाचता येते, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.