फिरत्या घरांतील एंजिनाची धग व आवाज

सोयाबीन घरीं आलें, तूर निघाली, म्हणजे आमच्या वाशीम जिल्ह्यांतील कास्तकार मंडळी सहकुटुंब यात्रेस निघतात. कोणी पोहरादेवीस, कोणी कारंज्यास गुरुमंदिरीं, कोणी थेट पंढरीस. जुनी लहान बस घेऊन तींत निजावयाच्या फळ्या व पाण्याची टांकी बसवावी, असा विचार करणारे वाचक आम्हांस अलीकडे भेटतात. महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ सालीं अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठीं धोरण केलें. मात्र गाडींतील असा फेरफार परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवांचून करूं नये.

या गाड्यांचें एंजिन पुष्कळदां चालकाच्या डाव्या हातास, आंतच, बॉनेटखालीं असतें. अकोल्याहून येतांना गाडी पातूरचा घाट चढूं लागली म्हणजे बॉनेट तव्यासारखें तापतें व शेजारच्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं. चालकास ग्लानि येते, आणि मागें तर अवघें कुटुंब निजलेलें असतें! १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरील मालमोटारींच्या चालककक्षास वातानुकूलन सक्तीचें झालें, तें चालकाच्या या हालांमुळेंच. जुन्या बसला तो लाभ नाहीं.

यावर घरगुती उपाय म्हणजे बॉनेटच्या आंतून गोणपाट किंवा गोधडी कोंबणें. आम्हींही एकदां तेंच केलें. वाटेंत करपल्याचा वास आला म्हणून झांकण उचललें, तों तेलानें भिजलेल्या गोणपाटाची कड काळी पडलेली! डिझेल सुमारें २१० अंश सेल्सिअसला ठिणगीवांचूनही पेट घेऊं शकतें, आणि चढावर धुराच्या नळीच्या मुळाशीं उष्णता त्याच्या दुप्पट सहज होते. थर्मोकोल तर त्याहून वाईट. तो शंभर अंशांच्या सुमारासच मऊ पडतो.

प्रथम फटी बुजवाव्या. धुऱ्याच्या बांधास उंदरानें बीळ पाडलें कीं बांधाच्या जाडीचा उपयोग राहत नाहीं, तशीच गत आवाजाची आहे. झांकणाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तरी आवाज वीस डेसिबलांपलीकडे घटत नाहीं. शिवाय त्याच फटींतून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायु निजलेल्यांपर्यंत पोंचूं शकतो. रात्रीं बॉनेटखालीं विजेरी लावून आंतून पाहावें. जेथें उजेड दिसेल तेथें रबरी पट्टी बसवावी. गियरच्या दांड्याभोंवतींचें भोंक बहुधा विसरलें जातें.

मग बॉनेटच्या आंतील अंगास इंचभर जाडीची दगडी लोकर लावावी. ती सहाशें अंशांपर्यंत टिकते. तिचे तंतू नाकांत जातात, म्हणून तोंडास फडकें बांधावें. तिजवर एंजिनाकडे तोंड करून अल्युमिनियमचा वर्ख घालावा. तो धगीचा नऊ दशांशांहून अधिक भाग परतवितो, परंतु तापल्या नळीस चिकटला कीं उपयोग संपला; मध्यें दोन बोटें हवा असावी. केवळ गोंदावर विसंबूं नये, पेंच व चकत्या वापराव्या. बैठकीकडील अंगास जड रबरी चादर अंथरावी. झांकणाचें वजन दुप्पट झालें म्हणजे सुमारें सहा डेसिबल आवाज अधिक अडतो.

मात्र एंजिनाच्या खालची व रेडिएटरपुढची वाट बंद करूं नये. तेलांतील शक्तीचा सुमारें तिसरा हिस्सा धुरावाटे व जवळजवळ तितकाच पाण्यावाटे उष्णतेच्या रूपानें बाहेर जातो, आणि उन्हाळ्यांत आमच्याकडे पारा चाळिशीपलीकडे असतो. वर्खावर तेलाचे ओघळ धरले कीं त्याची चकाकी जाते व आगीचें भयही परत येतें. सबब तेल बदलावयाच्या प्रत्येक वेळीं तो पुसून घ्यावा, फाटला असल्यास बदलावा.