हाताला आधी कळतं

माझं पहिलं बाळंतपण कोल्हापुरात, माहेरी झालं. १७ तास कळा दिल्या आणि त्यातलं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. छताचा पंखा आठवतो, आईच्या पदराला येणारा ओव्याचा वास आठवतो. बाकी सगळी भीतीच. दुसऱ्या वेळी मात्र मी डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं.

दुसरं कराडला, सासरी. पहिलं माहेरी आणि पुढचं सासरी ही रीत आहेच, पण खरं कारण थोरली. तिची बालवाडी इथली, तिची आज्जी इथली, रोजची झोपायची जागा इथली. आई कोल्हापूरहून डिंकाचे लाडू आणि जुनी मऊ लुगडी घेऊन महिनाभर आधीच येऊन राहिली. नववा लागल्यावर मी थोरलीला कडेवर घेणं बंद केलं. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाळ आलं की घेशील?" मी म्हटलं, "घेईन."

दुसरेपणात पोट लवकर दिसतं आणि जास्त पुढे येतं, कारण पोटाचे स्नायू एकदा ताणून सैलावलेले असतात. त्यावरून शेजारणी मुलगाच होणार असं ठरवून मोकळ्या झाल्या. तपासणीच्या दिवशी बाकावर बसले होते. समोर गर्भलिंगनिदान केलं जात नाही अशी पाटी. कायदा १९९४ चा, माझ्या जवळपास वयाचा. त्या पाटीसमोर, माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींनी मायेनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पहिली मुलगी ना? आता मुलगा होऊ दे गं बाई." थोरली माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. तिने वर माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून लागते. "आम्हाला दोन्ही चालेल" एवढंच मी बोलले. जास्त बोलायला हवं होतं.

३६व्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पोट दगडासारखं कडक व्हायचं. खोट्या कळा. कूस बदलली, घोटभर पाणी पिऊन चार पावलं चालले की विरून जायच्या. डोकं मात्र अजून वरच होतं. पहिल्या वेळी ते तीन आठवडे आधीच खाली बसलं होतं, म्हणून सासूबाई काळजीत पडल्या. डॉक्टरांनी समजावलं, की दुसऱ्या वेळी पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच डोकं खाली उतरतं.

३९ आठवडे आणि ४ दिवस झाले होते. पहाटे दोनला जाग आली ती कमरेतून पुढे येणाऱ्या कळेने. चालून पाहिलं, पाणी प्यायले. गेली नाही. सात मिनिटांनी दुसरी आली. थोरलीची मूठ माझ्या गाऊनच्या काठाला होती. तिचं एकेक बोट सोडवलं आणि त्या जागी आईची ओढणी दिली. त्या रात्रीतलं सगळ्यात अवघड काम मला तेच वाटलं. विद्यानगरहून कृष्णेचा पूल ओलांडेपर्यंत अंतर पाच मिनिटांवर आलं होतं.

सिस्टरांनी आत तपासलं. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं. मागे वळून त्या म्हणाल्या, "मावशी, टेबल लावून ठेवा. दुसरेपणाची आहे." पहिलटकरणीचं तोंड सहसा आधी पातळ होतं आणि मग उघडतं. दुसऱ्या वेळी दोन्ही कामं बरोबरच चालतात, म्हणून गडबड. मला वाटलं होतं आता यंत्र लावतील. सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि त्यांनी माझ्या पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवला.

तो हात मी तासभर पाहिला. दाबत नव्हता, चोळत नव्हता. बोटं पसरलेली, तळवा हलका टेकलेला, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, हे त्या हातानेच मोजायचं असतं. मी "आली" म्हणायच्या आत त्या मान हलवायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कळ आली की मला सांगू नका. मला कळतं." खरंच होतं. पिशवी आवळायला लागते ते हाताला आधी लागतं, दुखणं बाईपर्यंत थोडं उशिरा पोहोचतं. आणि दुखणं थांबल्यावरही पोट काही क्षण कडक असतं, तेही त्या हातालाच ठाऊक. कळ ओसरली की त्या बाळाचे ठोके ऐकायच्या. ११० ते १६०च्या मध्ये हवेत. १३८, १४२, १४०. आकडा त्या मोठ्याने म्हणायच्या, माझ्यासाठी. दर कळेला माझ्याआधी कुणाला तरी कळलंय, एवढ्यानेच माझी भीती निम्मी झाली. पहिल्या वेळीही असा एखादा हात माझ्या पोटावर असणार. मी पाहिलाच नाही.

पाणमोट फुटली आणि पुढचं सगळं भराभर झालं. पहिल्या वेळी तासाहून जास्त जोर लावला होता, या वेळी चौथ्या कळेला डोकं दिसलं. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आता जोर नको. फुंकर घाला, नुसती फुंकर." एक हात खाली आधाराला, दुसरा डोक्यावर, ते एकदम बाहेर येऊ नये म्हणून. अंग फाटू नये यासाठीची ती सगळी सावकाशी. पहिल्या वेळी छेद आणि टाके होते, या वेळी एक बारीक टाका.

मुलगी. ३ किलो १००. थोरलीपेक्षा ३०० ग्रॅमनी जास्त.

ओलं, गरम अंग माझ्या छातीवर ठेवलं आणि नाळ लगेच कापली नाही. जाड, निळसर, पिळदार. सिस्टरांनी माझी दोन बोटं तिच्यावर टेकवली. आत ठोके चालू होते, माझे नव्हेत, तिचे. दोनेक मिनिटांत ते मंदावले, नाळ पांढरी आणि ढिली पडली, मग चिमटा लागला. मांडीत इंजेक्शन आधीच दिलं होतं. थोड्या वेळात वार पडली. मी म्हटलं, मला दाखवा. त्यांनी ती दोन्ही तळव्यांवर पसरली. बाळाकडची बाजू गुळगुळीत, नाळेपासून शिरा फाकलेल्या. माझ्याकडची बाजू गडद लाल आणि भेगाळलेली. तिचा एकेक भाग त्यांनी शेजारच्या भागाशी जुळवून पाहिला, दोनदा. आत तुकडा राहिला तर बाई रक्तस्रावाने जाऊ शकते. बाळाला बघायला सगळे धावतात. त्या खोलीच्या कोपऱ्यात दिव्याखाली वार तपासत उभी असलेली बाई कुणाच्या लक्षात येत नाही.

सकाळी बाळ प्यायला लागलं आणि पोटात अशी कळ आली की मी उशी आवळून धरली. पहिल्या वेळी हे नव्हतं. पिशवी एकदा ताणलेली असते, म्हणून दुसऱ्या वेळी ती नुसती घट्ट राहत नाही, पुन्हा पुन्हा आवळते. बाळ चोखतं तेव्हा जास्त. आई म्हणाली, "दुसऱ्याला दुखतंच. तिसऱ्याला याहून." मला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

दहा वाजता थोरली आली. वेणी आज्जीने घातलेली, एक बाजू वर एक खाली. दारातच थांबली. बाळाकडे पाहिलंच नाही, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

सिस्टर म्हणाल्या, "उचलू नका हं." मी बाळाला आईकडे दिलं आणि पलंगाच्या कडेला सरकले. सिस्टरांनी आपलं स्टूल पायाने पुढे ढकललं. थोरली त्यावर चढली, तिथून पलंगावर, तिथून माझ्या मांडीवर. कळ येत होती. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं आणि मी तिची वेणी सोडायला घेतली.